‘उपयोग झाला नाही’ असं छापणारी माणसं

गॅरंटी देणाऱ्या माणसांची मला आता धास्तीच बसलीये. धाकट्या बहिणीला, मनूला, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे हे नात्यागोत्यात कळलं आणि आमच्या सांगलीच्या घरी सल्ल्यांची रीघ लागली. जतच्या बाजूला कुणीतरी पाला देतं, शंभर टक्के गॅरंटी. इचलकरंजीतल्या कुणाच्या तरी मेव्हणीला तिथल्या वैद्यानं तीन महिन्यात उठून चालायला लावलं (तिला नेमकं झालं काय होतं हे मात्र कुणालाच सांगता येत नाही). हळदीचं तर विचारूच नका, सांगलीत राहून हळदीचा सल्ला मिळाला नाही असा आजार अजून निघायचाय, आणि मनू तर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते, म्हणजे हळदीनं हा आजार बरा होत असता तर तिला मुळात झालाच नसता, असं ती स्वतःच म्हणते.

या सगळ्या गर्दीत एकच पार्टी अशी होती की जिनं आम्हाला कधीच काही कबूल केलं नाही, ती म्हणजे या आजारावरचं संशोधन. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे पेपर वाचायची थोडी सवय आहे, पण मेडिकलचे पेपर वाचणं म्हणजे वेगळंच प्रकरण. आधी एकेका ओळीला अडायचं, मग हळूहळू जमायला लागलं. आणि वाचता वाचता मला या लोकांबद्दल एक वेगळाच जिव्हाळा वाटायला लागला, त्यांना लागलेल्या शोधांमुळे नाही तर त्यांनी छापून टाकलेल्या अपयशांमुळे. आम्ही हे करून पाहिलं, इतक्या पेशंटवर पाहिलं, उपयोग झाला नाही. असं लिहून खाली नाव घालायला छाती लागते.

आजार काय आहे ते थोडक्यात सांगते. मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्यामागची नस, यातल्या तंतूंवर मायलिन नावाचं एक स्निग्ध वेष्टण असतं. आपलीच प्रतिकारशक्ती कुठल्याशा गैरसमजातून या वेष्टणावर उठते आणि ते जागोजागी कुरतडते. मिरजेच्या आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी बाबांना समजावलं, काका, विहिरीवरच्या मोटरची केबल असते ना, तिचं वरचं रबर उंदरानं खाल्लं की कसं होतं, तसं. बाबांना लगेच पटलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो मात्र अवघड होता, मग टेप गुंडाळायची सोय आहे का? डॉक्टर म्हणाले, उंदीर मारायचं औषध आहे, टेप अजून नाही. या एका वाक्यात एमएसच्या गेल्या तीस वर्षांच्या संशोधनाची अवस्था आली, हे मला पुढे वाचताना कळत गेलं.

मनूचं सुरू झालं डाव्या डोळ्यापासून. डोळा हलवला की दुखायचा आणि धुरकट दिसायचं. पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं कॉम्प्युटरवर फार बसता म्हणून थेंब मिळाले. पण एक दिवस देवघरासमोर बसून ती म्हणाली, ताई, हे कुंकू बघ की, या डोळ्यानं लाल दिसतंय आणि या डोळ्यानं विटकरी. करंडा हातात धरून एकदा हा डोळा झाकायची, एकदा तो. मी पण बघितलं, मला दोन्हीनं लालच. डोळ्याच्या नसेला सूज आली की सगळ्यात आधी लाल रंगाचा तजेला जातो, डॉक्टर लाल टोपणाची बाटली दाखवून हीच परीक्षा घेतात, हे नंतर समजलं. देवघरातल्या करंड्यानं ते आधीच केलं होतं.

मग मिरज. आमच्याकडे दुखणं जरा मोठं झालं की मिरज हे ठरलेलंच, १८९४ पासून, डॉ. वॉन्लेसनी मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून ते दवाखान्यांचंच गाव आहे. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. आणि एक रक्ताची टेस्ट बाहेर पाठवली, तिच्या रिपोर्टची वाट बघताना घरात कुणी नीट जेवलं नाही. ती टेस्ट कशाची हे सांगायलाच पाहिजे, कारण आपल्याकडच्या पेशंटांसाठी ती फार महत्त्वाची आहे. एमएससारखाच दिसणारा, डोळे आणि कणा यांनाच धरणारा एक आजार आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. कित्येक वर्षं आशियातल्या अशा पेशंटांना एमएसचाच एक प्रकार समजलं जायचं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मंडळींनी त्या आजाराची स्वतंत्र अँटिबॉडी शोधली आणि कळलं की हे प्रकरणच निराळं. आणि एमएसवरचं इंटरफेरॉन नावाचं औषध त्या आजारात दिलं तर उलट बिघडू शकतं! मनूची ती टेस्ट निगेटिव्ह आली. एमएस आहे म्हणून हुश्श करणारं घर तुम्ही बघितलंय का? आम्ही केलं.

स्टेरॉईडच्या सलाइननं डोळा सुधारला. आणि इथंच ती भानगड सुरू होते, जिच्यामुळे या आजारात गॅरंटीवाल्यांचं इतकं फावतं.

बहुतेकांचा एमएस सुरुवातीला झटक्या-झटक्यानं येतो. झटका येतो, काही आठवडे राहतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. काहीही केलं नाही तरी! इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा एक नातू होता, ऑगस्टस डेस्टे, त्याची रोजनिशी आज या आजाराची सगळ्यात जुनी सविस्तर कहाणी मानली जाते. डिसेंबर १८२२ मध्ये एका नातेवाइकाच्या अंत्यविधीनंतर त्याला अक्षरं दिसेनाशी झाली, पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ आली, आणि पुढे काही उपचार न करता त्याचे डोळे बरे झाले, असं त्यानंच लिहून ठेवलंय. नंतरची वीसेक वर्षं पायातलं बळ जाणं, मुंग्या, तोल जाणं, आणि प्रत्येक वेळी नवा डॉक्टर, नवा खुराक, औषधी पाण्याची स्नानं, मालिश. १८४८ मध्ये तो गेला. त्यानंतर २० वर्षांनी, १८६८ मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी या आजाराची नीट मांडणी केली. म्हणजे राजाच्या नातवालासुद्धा आपल्याला काय झालंय हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आता विचार करा, डोळा जर आपला आपणच बरा होणार असेल तर त्या महिन्यात जो कुणी जे काही देईल त्याच्या नावावर ते जमा होणार. पाला दिला, पाल्यानं बरं झालं. नवस केला, नवसानं झालं. इचलकरंजीची ती मेव्हणी खरंच उठून चालली असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. माझं म्हणणं एवढंच की पाला न घेता ती उठली नसती हे कसं ठरवलंत? त्यासाठी तसेच आणखी काही पेशंट लागतात ज्यांना पाला दिलेला नाही, आणि कुणाला दिला कुणाला नाही हे तपासणाऱ्याला माहीत असता कामा नये. एवढीशी गोष्ट, पण ती करायला वर्षानुवर्षं जातात, प्रचंड पैसा जातो आणि शेवटी बऱ्याचदा उत्तर नाही असं येतं.

स्टेरॉईडचंच घ्या. डोळ्याच्या सुजेवर स्टेरॉईड द्यायचं हे कित्येक वर्षं चालत आलेलं, मग १९९२ मध्ये अमेरिकेत ४५७ पेशंटांच्या चाचणीचा निकाल आला. सलाइनमधून दिलं तर नजर लवकर परत येते, पण अखेरीला किती परत येते त्यात विशेष फरक नाही. आणि नुसत्या गोळ्या दिल्या तर पुन्हा झटका येण्याचं प्रमाण उलट वाढतं. चाचणी केली नसती तर जगभरचे डॉक्टर मनापासून, पेशंटच्या भल्यासाठी म्हणून, त्या गोळ्या लिहीत राहिले असते.

आता जरा आडवाटेनं जाते, पण ही गोष्ट आपल्याकडच्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला जवळची आहे. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं! आमच्या काकांना सांगलीवाडीत कुत्रं चावलं होतं, ते अजून शर्ट वर करून जागा दाखवतात. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमाराला तयार केलेली पद्धत, आणि आपल्याकडे ती २००४ पर्यंत चालू होती. या असल्या लशी घेतलेल्यांपैकी थोड्या लोकांना अचानक लकवा व्हायचा. रेबीजमुळे नाही, लशीतल्या मेंदूच्या अंशामुळे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले टॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात याच कोड्याचा पिच्छा पुरवला, माकडांना निरोगी मेंदूच्या अर्काची इंजेक्शनं पुन्हापुन्हा दिली, आणि काही माकडांच्या मेंदूत मायलिन उडालेले डाग दिसले. विषाणू नसतानाही शरीर आपल्याच मेंदूवर उलटू शकतं हे त्यातून समोर आलं, आणि एमएसचं प्रयोगशाळेतलं मॉडेल, म्हणजे जनावरात तसाच आजार मुद्दाम उभा करून अभ्यासायची सोय, मिळालं ते असं. पिसाळलेल्या कुत्र्यापासून मनूच्या औषधापर्यंत सरळ रस्ता जातो हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे माझे कष्ट वाया गेले न्हाईत म्हणायचे.

या मॉडेलमधून निघालेली एक गंमत तर मी वर्गात पण सांगते. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये मायकल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम या तिघांनी चार अमिनो आम्लांची एक कृत्रिम साखळी बनवली, हेतू हा की ती मायलिनसारखी वागेल आणि जनावरात हा आजार निर्माण करेल. आजार काही झाला नाही, उलट तिनं आजार अडवला! प्रयोग फसला म्हणून बाटली मोरीत ओतली असती तर संपलं असतं. तेच पुढे ग्लॅटिरामर नावाचं औषध झालं, अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

आणि याच्या उलटी गोष्ट इंटरफेरॉनची. विषाणूंशी लढणारं म्हणून आधी इंटरफेरॉन गॅमा देऊन बघितलं, १९८७ मध्ये त्याचा निकाल छापला, १८ पेशंटपैकी ७ जणांना उपचाराच्या काळातच झटके आले. म्हणजे औषध म्हणून आजारच वाढवला. त्यांनी थांबवलं आणि सगळं लिहून जाहीर केलं. त्याचं भावंड म्हणावं असं इंटरफेरॉन बीटा मात्र लागू पडलं, झटके साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, १९९३ मध्ये मान्यता. मागणी इतकी आणि माल इतका कमी की अमेरिकेत चक्क सोडत काढून पेशंटचे नंबर लावले. एक तृतीयांश! आपल्याकडचा कुठला गॅरंटीवाला एक तृतीयांश म्हणेल हो?

मनूला सुरुवातीला हेच इंजेक्शन होतं. फ्रीजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी. टोचलं की रात्री थंडीताप, सकाळी अंग मोडून यायचं, त्यातच ती यार्डात जायची. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा आमचं गावभागातलं घर पाण्यात, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर, लाइट गेलेली. लोक दागिने, कागदपत्रं, दहावी-बारावीची सर्टिफिकेटं घेऊन निघत होते आणि आमची आई स्टीलच्या डब्यात बर्फ, त्यावर पंचा, त्यात इंजेक्शनं असा डबा पोटाशी धरून बोटीत बसली. बोटीतल्या पोरानं विचारलं, मावशी, मासे हायत का? मिरजेला मावशीकडे पोचेस्तोवर बर्फाचं पाणी झालेलं. मग औषधासोबतचं ते भलंमोठं घडीचं पत्रक वाचलं, त्यात बाहेरच्या तापमानात ते काही दिवस कसं टिकतं ते दिलं होतं. त्या पत्रकात काय काय दुष्परिणाम होऊ शकतात याची इतकी लांब यादी असते की माणूस घाबरतो, पण मला ती यादी आवडायला लागली. जे देतात ते लपवत तरी नाहीत.

नाही ऐकण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र इटलीची. मनूचं निदान झालं तेव्हा एका नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर एक जुना व्हिडिओ पाठवला, मानेतली शीर फुगा घालून रुंद केली की एमएस बरा होतो म्हणून. खोटा नव्हता, खराच होता. फेर्रारा शहरातले शिरांचे सर्जन पाओलो झांबोनी, त्यांच्या बायकोलाच एमएस. त्यांनी २००९ मध्ये मांडलं की या पेशंटांच्या मानेतल्या शिरा अरुंद असतात, रक्त मेंदूतून नीट उतरत नाही, त्यातून हा आजार होतो. जगभर खळबळ. कॅनडातून तर लोक घरदार विकून हे ऑपरेशन करायला परदेशी गेले, आपल्या भारतातही आले. बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर बरं वाटलं, रडत रडत त्यांनी व्हिडिओ केले. मी तो व्हिडिओ मनूला दाखवला तेव्हा ती नुसती बघत राहिली आणि म्हणाली, ताई, आपल्याकडची जमीन विकायला नको बाबांनी.

मग चाचण्या झाल्या. काही पेशंटांची शीर खरी फुगवली, काहींना नुसती नळी आत घालून काढली, कुणाचं काय केलं हे पेशंटला माहीत नाही. कॅनडातल्या १०४ पेशंटांच्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला, उपयोग नाही. आणि त्याच वर्षी इटलीतल्या चाचणीचा आला, तीही उपयोग नाही, आणि त्या इटलीतल्या चाचणीचे प्रमुख कोण, तर स्वतः झांबोनी! ज्या माणसानं बायकोसाठी हा सिद्धांत उभा केला, ज्याला लोक देवासारखं मानत होते, त्यानं स्वतःच्याच नावानं छापलं की यानं फायदा होत नाही, हा उपचार एमएसला सुचवू नये. त्या माणसाच्या मूळ अभ्यासावर टीका करण्यासारखं खूप आहे आणि लोकांनी ती केलीही, पण हा दुसरा पेपर मला विसरता येत नाही. आपल्याकडे स्वतःची जाहिरात स्वतःच खाली उतरवणारा एक तरी दाखवा मला.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमधलं सांगलीचं ऊन, त्यात पेढीवर हळदीचे सौदे भरात. अशा दिवशी मनूचा तो डोळा परत धुरकट व्हायचा, पाय जड व्हायचे. पहिल्या वर्षी वाटलं नवा झटका. तो नव्हता. विल्हेल्म ऊटहोफ नावाच्या जर्मन डॉक्टरनी १८९० च्या आसपासच लिहून ठेवलंय की अंगमेहनत झाली की अशा पेशंटांची नजर तात्पुरती मंदावते आणि विसावा घेतला की परत येते, यामागे अंगाचं तापणं आहे हे नंतर कळलं. उघड्या पडलेल्या तंतूंतून संदेश कसाबसा जात असतो, अर्धा-एक डिग्री तापमान वाढलं तरी तो अडतो. एमआरआय यायच्या आधी तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे! त्यामुळे आत्या जेव्हा कढत पाण्याचा शेक दे म्हणते तेव्हा मनू हात जोडते. ओला पंचा मानेवर, पाठीशी कूलर आणि दुपारी बाराच्या आत घरी, हा तिचा उन्हाळा. पेढीचे शेठ चांगले आहेत, सकाळी लवकर यायची मुभा दिली. बाकी बाहेरच्यांचं विचारू नका, दिसतेस तर धडधाकट. थकवा डोळ्यांनी दिसत नाही ना. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव छापलेलं आहे, हे मी एका खिडकीवरच्या साहेबांना पान उघडून दाखवलंय.

इंटरफेरॉनवर असताना मनूला पुन्हा झटका आला, या वेळी पाय. मग औषध बदललं, रिटुक्सिमॅब. याचीही गोष्ट उलटीच. अनेक वर्षं सगळ्यांचं म्हणणं होतं की या आजाराचा कर्ताकरविता म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी, तिच्यातल्याच बी पेशींना कुणी विचारत नव्हतं. कॅलिफोर्नियातले स्टीफन हाउझर बी पेशींच्या मागे लागले, त्यांची कल्पना सुरुवातीला अशक्य कोटीतली ठरवली गेली. २००८ मध्ये त्यांच्या चाचणीत बी पेशी मारणाऱ्या या औषधानं नवे डाग इतके कमी झाले की वाद संपला. औषध मूळचं कॅन्सरचं. त्याचं सुधारलेलं भावंड ओक्रेलिझुमॅब २०१७ मध्ये आलं, झटक्यांशिवाय पहिल्यापासून हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसवर मान्यता मिळालेलं ते पहिलंच औषध. ते महाग आहे. पण रिटुक्सिमॅबचं भारतीय रूप हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं २००७ मध्येच बाजारात आणलं होतं, आणि स्वीडनमध्ये तर एमएसला सर्रास हेच वापरतात. त्यांच्या २०२२ च्या चाचणीत दोन वर्षांत रिटुक्सिमॅबवाल्यांपैकी ३ टक्क्यांना झटका आला, दुसऱ्या एका चांगल्या गोळीवाल्यांपैकी १६ टक्क्यांना. कंपनीला यात फारसा नफा नाही, म्हणून कुणी एमएससाठी रीतसर परवाना मागायच्या भानगडीत पडलं नाही, तरी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये एमएससाठी आवश्यक औषधांच्या यादीत त्याचं नाव घातलं. स्वीडनच्या सरकारी डॉक्टरांनी चिकाटीनं केलेल्या कामाचा फायदा मार्केट यार्डातल्या हिशेबनीस बाईला मिळतो, हे मला फार भारी वाटतं.

रिटुक्सिमॅबचं ते सलाइन म्हणजे अख्खा दिवस. आधी ॲलर्जीचं आणि तापाचं औषध, मग थेंब अगदी हळू, मग दर अर्ध्या तासानं वेग थोडा वाढवायचा. पहिल्या वेळी घसा खवखवला, कानशिलं लाल झाली, सिस्टरनी लगेच बंद केलं, अर्ध्या तासानं परत चालू. आता सवय झालीये. मनू एका हाताला सुई आणि दुसऱ्या हातानं भडंग खाते, शेजारच्या बेडवरच्या आजींना पण देते.

मूळ कारणाबद्दल मोठी बातमी जानेवारी २०२२ ची. हार्वर्डच्या अल्बेर्तो आस्केरिओ यांच्या गटानं अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त जवानांचे वीस वर्षांतले रक्ताचे नमुने धुंडाळले. एपस्टीन-बार नावाचा विषाणू अंगात शिरला की एमएसचा धोका ३२ पट होतो, आणि तपासलेल्या ८०१ पेशंटांत तो विषाणू नसलेला फक्त एक सापडला. पण हा विषाणू तर जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, माझ्याही असणार. आपल्याकडे तर बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. मग मनूलाच का? तिथून पुढे जनुकं, सूर्यप्रकाश, विषाणू कोणत्या वयात भेटला, असं बरंच काही येतं. २०२४ च्या एका अभ्यासात तर युरोपातली एमएसची जनुकं पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातून आलेल्या मेंढपाळांबरोबर आली असं निघालं, गुराढोरांकडून येणाऱ्या रोगांपासून ती जनुकं त्यांना वाचवत असावीत असा कयास. माणदेशातून मेंढरं घेऊन येणारे धनगर दरवर्षी आमच्या रस्त्यानं जातात, ते वाचल्यापासून मी त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघते.

आणि बाबांची टेप? त्यावर काम चालू आहे. मनूची एक तपासणी असते, समोर स्क्रीनवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा बुद्धिबळाचा पट, तो सारखा उलटापालटा होतो, आणि डोक्याच्या मागे चिकट पेस्टनं वायरी लावलेल्या. डोळ्यानं बघितलेलं मेंदूच्या मागच्या भागात पोचायला साधारण १०० मिलिसेकंद लागतात. मनूच्या डाव्या डोळ्याला जास्त लागतात, नजर सुधारली तरीही. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात ५० पेशंटांना क्लेमास्टीन हे सर्दी-ॲलर्जीचं जुनं औषध दिलं, तर हा उशीर सरासरी १.७ मिलिसेकंदांनी घटला. वेष्टण परत चढतंय याची खूण, एवढीशी. बाबा लगेच म्हणाले, मेडिकलमध्ये मिळतंय का बघ. पण नंतर दुसऱ्या एका अभ्यासात ते घेणाऱ्या काही पेशंटांचं अपंगत्व झपाट्यानं वाढलं म्हणून तो भाग थांबवावा लागला. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन गोळीचं तसंच, २०१४ च्या लहान चाचणीत मेंदूचं आक्रसणं कमी झालं म्हणून किती आशा, आणि मोठ्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला, अपंगत्व वाढायचं काही थांबलं नाही. ही बातमी वाचून मी त्या रात्री पेपर तपासायचे तसेच ठेवले. मनूनं मात्र फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं झालं, उगीच रोजची एक गोळी वाढली असती.

मध्यंतरी पुण्यातल्या एका चाचणीसाठी विचारणा झाली. मराठीतला संमतीचा फॉर्म, बरीच पानं, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं, तुम्हाला यातून वैयक्तिक फायदा होईलच असं नाही, तुम्हाला मिळणारी गोळी औषधाविना असू शकते, तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. आई म्हणाली, असलं कसलं हे, स्वतःच सांगतायत फायदा नाही म्हणून. मनूनं पानापानावर पेन्सिलनं प्रश्न लिहिले, तिकडच्या डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. शेवटी तिला घेतलं नाही, कारण तिचे एमआरआय आता स्थिर आहेत आणि त्यांना आजार वाढत चाललेले पेशंट हवे होते. ती दोन दिवस फुरंगटून होती. नापास झाल्यासारखं वाटतंय म्हणे.

पुढचं सलाइन फेब्रुवारीत आहे. नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आत उरकून द्या म्हणून ती आतापासूनच डॉक्टरांच्या मागे लागलीये.